गडावरचा झाप
(द्वितीय वर्ष कला)

'झाप' हा शब्द आपल्या महाविद्यालयातल्या किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे! सुट्टीत मी आमच्या गडावरच्या झापात असते, असे गेल्या वर्षी एका मैत्रिणीला सांगितले, तेव्हा तिला वाटले मी झोपेविषयीच काही बोलते आहे. दुसरीने कोणा भटक्याने काढलेला आमच्या झापाचा फोटो मोबाइलवर पाहिला आणि विचारले, "अगं, तुमचं रिसॉर्ट आहे का गं?" दोघींनाही मी हसून उत्तर दिले. पण तेव्हाच मनात आले, की या झापाविषयी एकदा नीट लिहिले पाहिजे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. तेव्हा लिहिण्याचे काम माझ्याकडेच येणार!

माझे गाव पाचनई, तालुका अकोले. पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, २०२४ पासून अहिल्यानगर. गावाच्या डोक्यावर हरिश्चंद्रगड उभा आहे. उंची सुमारे ४६७० फूट. आमच्या गावातून निघाले तर दोन-अडीच तासांत माणूस वर पोचतो. वाट आधी रानातून जाते, मग एका प्रचंड कातळाच्या पोटाखालून वळते, ओढा ओलांडते आणि माथ्यावरच्या पठारावर हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी येऊन थांबते. जुन्नरच्या अंगाने खिरेश्वरहून तोलार खिंडीची वाट आहे. कोकणातून बेलपाड्याकडून नळीची वाट आहे. ती मात्र कसलेल्यांनीच धरावी. म्हणजे गड एकच, पण त्याला घाटावरची आणि कोकणातली अशी दोन्ही माणसे आपला म्हणतात.

या गडावर येणाऱ्या माणसाला निवारा देण्याची रीत आमच्या झापाहून कितीतरी जुनी आहे. देवळाच्या आजूबाजूला आणि तारामती शिखराच्या पायथ्याशी कातळात खोदलेल्या गुहा आहेत. चांगदेवांनी इथे तप केले आणि 'तत्त्वसार' हा ग्रंथ इथेच रचला, असे परंपरा सांगते. देवळाजवळच केदारेश्वराची गुहा आहे. तिच्यात भले मोठे शिवलिंग आणि त्याच्याभोवती कंबरभर थंडगार पाणी. लिंगाभोवतीच्या चार खांबांपैकी आज एकच धड उभा आहे. चार खांब म्हणजे चार युगे, आणि हा शेवटचा खांब कलियुगाचा, असे आमच्याकडचे म्हातारे सांगतात. तो पडला की जग बुडाले! लहानपणी मी रोज सकाळी तो खांब जागेवर आहे ना, हे पाहून येत असे.

पुढे किल्लेदार आले, शिबंदी आली. १७४७-४८ च्या सुमारास मराठ्यांनी हा गड मोगलांकडून घेतला आणि १८१८ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. त्या इंग्रजांपैकी कर्नल साइक्स नावाच्या अधिकाऱ्याने दख्खनच्या हवामानावर एक निबंध लिहिला. तो १८३५ साली प्रसिद्ध झाला. हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून दिसलेल्या गोल इंद्रधनुष्याचे वर्णन त्यात आहे. पाठीशी ऊन आणि समोर दरीत धुके असले, की त्या धुक्यावर आपली सावली पडते आणि सावलीभोवती रंगीत कडे उमटते. आमच्याकडे येणारे भटके त्याला इंद्रवज्र म्हणतात. साइक्ससाहेबाची ही हकीकत मला प्रथम एका पाहुण्याने सांगितली. माझ्या आजीने इंद्रवज्र कितीदा तरी पाहिले होते. पण ती गुरांमागे असे आणि तिला लिहिता येत नव्हते, म्हणून तिचे निबंधात नाव नाही. असो!

आता झापाकडे वळते. आमच्या भागातले महादेव कोळी लोक पावसाळ्यात गुरे घेऊन डोंगरावरच्या पठारावर जात. खाली शिवारात भात, नागली, वरई उभी असते. तिच्यात गुरांनी तोंड घालू नये आणि वर चारा तर मुबलक. मग पाऊस संपेपर्यंत घरातली दोन-तीन माणसे वरच राहत. त्यांच्यासाठी आणि गुरांसाठी जी झोपडी उभारायची तिचे नाव झाप. मेढी रोवायच्या, त्यांवर आढे आणि वासे टाकायचे, कारवीच्या काठ्यांचा कूड करून तो शेणामातीने लिंपायचा आणि वरून गवताने शाकारायचे. पावसाकडे, म्हणजे पश्चिमेकडे, झापाची पाठ असायची. दार पूर्वेला आणि इतके बुटके, की आत जाताना माणसाने वाकलेच पाहिजे. आजोबा म्हणत, "वाकून आत येतो तो पाव्हना, ताठ येतो तो वारा."

त्या काळी गडावर येणारे शहरी पाहुणे झापात येत नसत. ते गुहेत झोपत, पाठीवरून आणलेल्या तांदळाची खिचडी तीन दगडांवर शिजवीत. फार तर आजोबांकडे दूध मागत. पुढे पाहुणे वाढले. मी तीन-चार वर्षांची असेन, तेव्हा हिवाळ्यात एकदा अवकाळी पाऊस आला आणि गुहेत पाणी शिरले. मुंबईची नऊ मुले भिजून थरथरत आमच्या झापाशी आली. आईने चूल मोठी केली, नागलीच्या भाकऱ्या थापल्या, बेसन कालवून पिठले केले. सकाळी जाताना मुलांनी पैसे पुढे केले, तेव्हा वडील घेईनात. शेवटी एकाने नोटा उतरंडीखाली ठेवल्या आणि तो पळाला. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली आहे, की ती मी पाहिली की नुसती ऐकली, हे मलाही आता सांगता येणार नाही. पण गुरांचा झाप माणसांचा झाला तो तेव्हापासून.

त्याआधी आमचे कसे चालत होते, हे सांगितल्यावाचून झापाचे मोल कळणार नाही. आमच्याकडे पाऊस धो धो पडतो. पण तो सगळा खाली वाहून जातो. शेती एका पिकाची. भात-नागली घरात आली, की गावातली निम्मी घरे कुलूप लावून नारायणगावच्या बाजूला मजुरीला जातात. तिथे भाजीपाला, कांदा, टोमॅटो यांच्या मळ्यांत काम मिळते. भल्या सकाळी माणसे रस्त्यावर उभी राहतात, मळेवाले येतात, मजुरी ठरते आणि माणसे टेम्पोत चढतात. आमचे घरही असेच दरवर्षी जात असे. माझी थोरली बहीण त्या फेऱ्यांत शाळेबाहेर पडली. दिवाळीपर्यंत गावच्या शाळेत आणि दिवाळीनंतर कुठेच नाही, असे तीन वर्षे झाले. चौथ्या वर्षी तिचे पुस्तक कुणी उघडलेच नाही. मी शाळेत गेले तोवर झापावर पाहुणे येऊ लागले होते. नेमका दिवाळीनंतरचा, मजुरीला जाण्याचाच हंगाम हा पाहुण्यांचाही हंगाम! त्यामुळे आमच्या दाराला कुलूप लागले नाही आणि मी एकाच शाळेत एकामागून एक इयत्ता चढत गेले. आम्हा दोघी बहिणींत बुद्धीचा म्हणाल तर काही फरक नाही. फरक आहे तो सहा वर्षांचा आणि मधल्या झापाचा.

हंगामातला शनिवार कसा असतो, ते पाहायला तुम्ही आमच्या बाजूने, चुलीपाशी बसले पाहिजे. पहाटे चारला मी आणि बहीण टाक्यावर पाण्याला जातो. तीस माणसे जेवायची असली तर बारा-तेरा हंडे लागतात. वडील आणि भाऊ गावातून पीठ, बेसन, तेल, कांदे डोक्यावर घेऊन चढतात. दुपारपासून पाहुणे येऊ लागतात. मुंबईचे, पुण्याचे, नाशिकचे. येतात ते घामाघूम, आणि पहिला शब्द 'पाणी', दुसरा 'लिंबू सरबत', तिसरा 'मावशी, रेंज आहे का?' मग बूट काढण्यावरून आईशी बोलणे होते. सारवलेल्या जमिनीवर बूट घालून येऊ द्यायचे नाही, हा आईचा कायदा. मोठमोठे साहेब दाराशी बसून बुटाच्या नाड्या सोडताना पाहिले, की मला गंमत वाटते.

संध्याकाळी सारे कोकणकड्यावर जातात. हा कडा अर्धवर्तुळासारखा आणि आत वळलेला आहे. काठावर पालथे पडून खाली पाहिले तर पायाखाली डोंगर नाहीच असे वाटते आणि एकदम कोकण दिसते. तिथे गेल्यावर बडबडे पाहुणेही गप्प होतात. आम्हाला मात्र ती वेळ कणीक मळण्याची आणि कंदील पुसण्याची. शनिवारचा सूर्यास्त मी कधीच पाहिलेला नाही. मी आपला मंगळवारचा किंवा बुधवारचा पाहते. तो तितकाच चांगला असतो आणि गर्दी नसते.

रात्री जेवण. पिठले, भाकरी, ठेचा, कांदा, भात. बहीण चुलीपाशी, आई काठवटीपाशी, मी वाढायला. शहरातल्या बायका कौतुकाने आत येतात, एखादी भाकरी थापून पाहते, ती फाटते, सगळे हसतात. कुणी विचारतो, "तू शाळेत जातेस का गं?" मी म्हणते, "बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. इतिहास घेतला आहे." मग क्षणभर तो माझ्याकडे निराळ्या नजरेने पाहतो. त्या नजरेचा मला राग येत नाही. पण माझ्याऐवजी बहीण वाढायला आली असती तर त्याने कोणत्या नजरेने पाहिले असते, हा विचार मनातून जात नाही.

दोन वर्षांपूर्वी एक पेन्शनर गृहस्थ आले होते. तरुणपणी ते गुहेत झोपलेले. आमचा झाप पाहून म्हणाले, "ही तर तुमची माउंटन हट झाली! युरोपात आल्प्स पर्वतावर अशा शेकडो आहेत." हा शब्द माझ्या डोक्यात राहिला. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आल्यावर मी त्याचा शोध घेतला आणि वाचून चकित झाले. स्वित्झर्लंडमध्ये गिर्यारोहकांची संस्था १८६३ साली निघाली आणि त्याच वर्षी त्यांनी त्योडी नावाच्या पर्वतावर आपली पहिली झोपडी बांधली. इटलीची मार्गेरिटा नावाची झोपडी तर ४५५४ मीटर उंचीवर आहे. १८९३ साली तिच्या उद्‌घाटनाला खुद्द राणी मार्गेरिटा वर चढून गेली होती. तिथल्या झोपड्यांचे नियम वाचताना मला आई आठवली. बूट दाराशी काढायचे, कांबळी आपली आपण घडी घालून ठेवायची आणि झोपडीच्या वहीत नाव-गाव, कुठून आलो, कुठे जाणार हे लिहायचे. पाहुणा बेपत्ता झाला तर शोधणाऱ्यांना त्या वहीचा उपयोग होतो.

पण एक फरक मला फार मोठा वाटला. आल्प्समध्ये शहरातले लोक डोंगर चढू लागले आणि त्यांनी स्वतःसाठी झोपड्या बांधल्या. आमच्याकडे झोपडी आधीच होती. ती गुरांची होती, आमची होती. पाहुणे नंतर आले आणि आम्ही सरकून त्यांना जागा दिली. तिथे झोपडीची मालक संस्था आहे. इथे झोपडीला मालक आहे की नाही, हेच कुणाला नक्की सांगता येत नाही.

कारण गड अभयारण्यात आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले. रान राखले पाहिजे, हे आम्हाला कुणी शिकवायला नको; रान गेले तर आमचे पाणीही गेले. अभयारण्यात पक्के घर बांधता येत नाही, म्हणून झाप कच्चाच. पूर्वी गवताने शाकारलेला, आता बराचसा निळ्या-पिवळ्या प्लास्टिकने झाकलेला. दरवर्षी पावसाने मोडायचा आणि दरवर्षी आम्ही उभारायचा. उद्या कुणी 'उचला' म्हणाले, तर एका दिवसात उचलावा लागेल. या बाबतीत कुणाला दोष देण्याइतके मला कळत नाही. मात्र शनिवार-रविवारी हजारो पाय पठारावर फिरतात, कड्याच्या काठावर तंबूंची रांग लागते, सोमवारी आम्ही पोत्यांत बाटल्या आणि कागद गोळा करतो, तेव्हा वाटते, की गडाला किती माणसे झेपतील हे कुणीतरी मोजायला हवे. आणि ते मोजताना आम्हालाही त्या मोजणीत धरावे.

झाप किती कच्चा आहे, हे आम्ही २०२० साली पाहिले. मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि पाहुणे एकदम बंद झाले. गडावर इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पुढच्या हंगामात वडील आणि भाऊ पुन्हा नारायणगावला टोमॅटो तोडायला गेले. मी आठवीत होते. शाळा मोबाइलवर, आणि गावात रेंज नाही. मी गड चढून झापाजवळच्या खडकावर बसून धडे ऐकत असे. ज्या झापाने मला एका शाळेत टिकवले, त्यानेच त्या वर्षी मला वर्गही दिला, असे म्हणायला हरकत नाही.

गेल्या उन्हाळ्यात घरात एक बोलणे झाले. पाहुणे वाढले आहेत, हात कमी पडतात, बहिणीचे लग्न ठरते आहे. वडील म्हणाले, "आता हिनं झापच बघावा. बी.ए. करून तरी काय कलेक्टर व्हायची हाय? इंग्रजी बोलती, पाव्हन्यास्नी बरं वाटंल." वडील वाईट नाहीत. त्यांचा हिशेब चुलीपुरता बरोबर होता. मी काही बोलायच्या आत आई चुलीपुढून म्हणाली, "झाप हिच्यासाठी हाय. ही झापासाठी न्हाई." एवढेच. मग तिने भाकरी उलटली. वडीलही पुढे काही बोलले नाहीत आणि जूनमध्ये त्यांनी माझी फी आणून हातात दिली. त्यातल्या बऱ्याच नोटांना धुराचा वास होता.

तेव्हापासून मी विचार करते. आई म्हणते ते खरे, झाप माझ्यासाठी आहे. पण मी शिकून दूर निघून गेले आणि झाप मोडला, तर पाचनईतल्या दुसऱ्या एखाद्या मुलीच्या दाराला दिवाळीनंतर कुलूप लागायचे राहील काय? आणि मी झापातच बसले, तर आईचे म्हणणे खोटे पडायचे! या दोहोंच्या मधली वाट अजून मला नीट दिसलेली नाही. तूर्त मी एक काम सुरू केले आहे. आल्प्समधल्यासारखी एक वही झापात ठेवली आहे. पाहुणे तीत नाव, गाव, आल्याची वाट आणि जाण्याची वाट लिहितात. खाली मोकळ्या जागेत मनातले लिहितात. चांदण्याविषयी, कोकणकड्याविषयी, पिठल्याविषयी. मागच्या पानांवर मी दुसरा हिशेब ठेवते. कोणत्या महिन्यात टाक्यातले पाणी किती पायऱ्या उतरले, किती माणसे आली, किती पोती कचरा खाली नेला. पुढेमागे गडाविषयी काही ठरवायला कोणी बसले, तर आमच्या बाजूने दाखवायला कागद असावा. इतिहासाच्या तासाला प्राध्यापक नेहमी सांगतात, की ज्यांचे कागद नाहीत त्यांचा इतिहास दुसरेच लिहितात. ते मला आमच्या आजीवरून चांगलेच पटले आहे.

रात्री पाहुणे झोपल्यावर बहीण ती वही मागते. मी तिला पुढची पाने वाचून दाखवते. ती ऐकते आणि एकदा तिने विचारले, "पान्याचं कुनी लिवलंय का?" मी पाने चाळली. कुणी लिहिले नव्हते. "मग तू लिव," ती म्हणाली. मी तिच्या हातात पेन दिले आणि पहिली ओळ तिलाच लिहायला लावली. अक्षर मोठे आणि वाकडे आले आहे, पण वाचता येते.

मित्रमैत्रिणींनो, तुम्ही हरिश्चंद्रगडावर जरूर या. प्राध्यापकांनाही माझे आग्रहाचे आमंत्रण आहे. हिवाळ्यात या आणि जमले तर शनिवार सोडून या. आणलेली बाटली परत न्या. केदारेश्वराच्या पाण्यात साबण लावू नका. कड्याच्या काठावर पालथे पडूनच पाहा. झापाच्या दाराशी बूट काढा आणि आत येताना वाका. वहीत मावळत्या सूर्याविषयी हवे तेवढे लिहा. पण पाणी कुठून आले आणि कोणी आणले, तेही एकदा विचारा. आणि आणखी एक. आमच्या वहीच्या पानापानावर 'मावशींच्या हातचे पिठले अप्रतिम' असे लिहिलेले आहे. मावशीचे नाव मात्र एकाही पानावर नाही. मीही ते इथे लिहीत नाही. तुम्ही वर या आणि तिलाच विचारा. ती आधी लाजेल, मग सांगेल.